सातबाऱ्याबाहेरची माझी आई

माणगंगा_काठ

शेतकरी म्हटलं की डोळ्यांपुढं पटका बांधलेला बाप्या येतो. बाई येते ती दुपारची भाकरी घेऊन, बांधावर. आमच्या रानात हे चित्र कधी नव्हतं. बाप्या मुंबईला गिरणीत आणि रानात आई. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लांबलंय, पण कापायला मन झालं नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आणि कास आठवतं. माण त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत. पाऊस सह्याद्री ठेवून घेतो, आमच्याकडं पोचतो तो वारा. खरिपाला बाजरी, मटकी, हुलगा. हत्तीचा (हस्त नक्षत्राचा) पाऊस झाला तर काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. बाकी मेंढरं, खिलार बैल आणि मुंबईची वाट. घरटी एक तरी गडी गिरणीत नाहीतर माथाडीत.

आईचा जन्म १९५१ च्या आसपासचा. शाळा दुसरीपर्यंत, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी. १९६७ ला लग्न. वडील (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) लालबागला एका गिरणीत आधी बदली कामगार, पुढं कायम झाले. राहायला गाववाल्यांचा गाळा. एका खोलीत पाळीप्रमाणं झोपणारी वीस-बावीस माणसं, तिथं बायको कुठं न्यायची? दादा वर्षातून दोनदा यायचे, मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला आणि चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेला. एरवी यायची ती मनिऑर्डर.

घरी आजी, अंथरुणाला खिळलेले आजोबा, दोन लहान काका आणि साडेसात एकर जिराईत. लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. पाऊस झाला, वाफसा आला, म्हणजे रान पेरणीजोगं ओलसर झालं. जिराईत रानात वाफसा कुणासाठी थांबत नाही. भाऊबंद आधी आपलं रान पेरणार, आणि सालगडी ठेवायची ऐपत नव्हती. पाभरीमागं (पाभर म्हणजे पेरणीचं औत) मोघण, म्हणजे बी सोडायची नळी, धरणं हे बायकांचंच काम, पण औताला हात लावायचा नाही असा रिवाज. अवलक्षण मानायचे. आईनं बैलांच्या मानेवर जू ठेवलं आणि कुळव धरला. आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाभर धरली तेव्हा आजीच मागं मोघण धरून उभी. गावात काय काय बोललं गेलं ते आईनं मला कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणते, "पेरलं नसतं तर त्यांनी खायला दिलं असतं का?"

मग १९७२. त्याआधीची दोन सालंही कोरडीच गेली होती. बैल विकले. सरकारनं दुष्काळी कामं काढली, आमच्या बाजूला रस्त्यासाठी खडी फोडायची. आई पहिलटकरीण, माझा थोरला भाऊ चार महिन्यांचा. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत पोर आणि आई उन्हात दगडांपुढं. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, एका हातानं दगड धरायचा, दुसऱ्या हातानं हातोडी. कपच्या उडून नडग्यांना लागायच्या. तिच्या डाव्या नडगीवर आजही बारीक पांढरे व्रण आहेत, हात फिरवला की खरबरीत लागतात. संध्याकाळी ढिगाचं माप व्हायचं. लेकरांना सुकडी (वाटपाचा कोरडा खाऊ) मिळायची. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. भाकरी थापताना चिरा पडायच्या, परातीतून तव्यावर जाईस्तोवर तिचे तुकडे.

आईला वाचता येत नव्हतं, पण त्या कामावरची एक गोष्ट ती अजून सांगते. मुकादमानं मस्टर, म्हणजे हजेरीपट, उघडलं, तिला नाव विचारलं, नवऱ्याचं नाव जोडून ते लिहिलं आणि त्यापुढं तिचा अंगठा घेतला. मजुरी तिच्या हातात दिली, सासऱ्याच्या नाही. तिच्या कामाच्या बदल्यात तिचं नाव सरकारी कागदावर लागलं ते तेव्हा पहिल्यांदा. पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पुन्हा तसं झालं नाही. मी हे सगळं लिहायला बसले ते या एका गोष्टीसाठी.

कारण काम काही थांबलं नव्हतं. शाळू काढताना कधी बघितलंय? आमच्याकडं तो कापत नाहीत, मुळासकट उपटतात. जमीन कडक झालेली असते. वाकून दोन्ही हातांनी ताट धरायचं, कमरेतून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर झटकायची, पेंढी बांधायची, पुढचं ताट. पहिल्या दिवशी तळहातांना फोड, दुसऱ्या दिवशी ते फुटतात, तिसऱ्या दिवशी हात तापलेला असतो म्हणून दुखणं कळत नाही. आई आपलं रान उरकून दुसऱ्यांच्या रानात पेंढ्यांवर जायची. त्या पेंढ्यांची ज्वारी आम्ही खाल्ली आणि कडब्यावर जनावरं जगली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दादांनी मुंबईत काही महिने काढले. हमाली केली, भाजी विकली. उन्हाळ्यात वळकटी घेऊन घरी आले ते कायमचेच. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्या संपात, आणि त्यांतले कितीतरी असेच साताऱ्याच्या, कोकणच्या गावांकडं परतले. त्यांच्यावर बरंच लिहिलं गेलंय. ज्या घरी ते परतले ती घरं तोवर कुणी उभी ठेवली होती, याबद्दल फार वाचायला मिळत नाही. दादांना रानातलं बेताचंच येत होतं. तीस-पस्तिशीतला माणूस, हाताला काम नाही, मनानं खचलेला. आईनं त्यांना कधी "तुम्हाला येत नाही" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. "जरा बैल बघता का?" असं विचारायची. दोन-तीन वर्षांत गावानं दादांना शेतकरी म्हणून धरलं. सोसायटीत सभासद, डेअरीत सभासद, पीककर्ज त्यांच्या नावावर.

डेअरीचं तेवढं सांगते. कर्ज काढून म्हैस घेतली. पहाटे चारला उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची हे आईचं. किटली डेअरीवर न्यायची हे दादांचं. डेअरीच्या पुस्तकावर नाव दादांचं, दर दहा दिवसांचा पगार त्यांच्या सहीनं, दिवाळीचा बोनस त्यांच्या हातात. दादा वाईट नव्हते हो. पैसे आणून आईच्याच हातात द्यायचे, माझी कॉलेजची फी त्याच पैशांतून गेली. पण म्हैस आटली तेव्हा डेअरीच्या माणसानं दादांना विचारलं, "काय, दूध का बंद केलंत?" आई शेजारी उभी होती.

१९९८ च्या सुमाराला गावात बचतगट आला. महिन्याला वीस रुपये. तिथं आई सही शिकली, भावाच्या मुलीच्या पाटीवर गिरवून. ती सही अजूनही सावकाश करते, वेलांटीपाशी थांबते.

२०१२-१३ चा दुष्काळ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बातम्यांत पाहिला असेल. जुनी माणसं तेव्हा म्हणायची, बाहत्तरला अन्न नव्हतं पण विहिरीला पाणी होतं, यंदा अन्न आहे पण पाणी नाही. चारा छावण्या उघडल्या. साठी ओलांडलेली आई दोन म्हशी आणि एक खोंड घेऊन छावणीवर राहायला गेली. ताडपत्रीचा आडोसा, तीन दगडांची चूल, दावणीला जनावरं. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा किलो चारा, बहुतेक उसाचं वाढं. छावणीत निम्म्याहून जास्त बायाच होत्या. रात्री भजन व्हायचं. मी भेटायला गेले तेव्हा आई मला म्हणाली, "इथं बरं हाय गं. भाकरी भावजय पाठवती, मला नुसती जनावरं बघायची." आयुष्यात पहिल्यांदा तिला एकच काम होतं.

२०१९ ला दादा गेले. वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं. कपाळाचं कुंकू गेलं तेव्हा जमिनीवर नाव आलं, मयताची पत्नी म्हणून. वर्षश्राद्धाच्या आतच भावकीतली दोन वडीलधारी माणसं हक्कसोडीचा मसुदा घेऊन घरी आली. आईनं आणि आम्ही बहिणींनी सही करायची, जमीन दोन्ही भावांच्या नावावर "मोकळी" करायची. चांगल्या मनानं आली होती, गावात तशी रीतच आहे. आईनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "मी हाय तवर माझं नाव ऱ्हाऊ द्या. मी गेल्यावर समदं पोरांचंच हाय की." आणि चहा ठेवायला उठली. माझे दोघे भाऊ तिच्या बाजूनं उभे राहिले, हे मुद्दाम लिहिते.

त्या नावावर ती विकास सोसायटीची सभासद झाली. सोसायटीच्या निवडणुकीत मत दिलं. पीकविमा तिच्या खात्यावर येतो. पण मागं एका अर्जावर "व्यवसाय" या रकान्यात तिला न विचारता "घरकाम" लिहिलं गेलं. मी तो अर्ज परत घेतला आणि "शेती" लिहून दिला.

तुमच्या घरातल्या, गावातल्या बायांच्या कामाची नोंद कुठं आहे का? असेल तर लिहा. नसेल तर इथं तरी लिहा.

---

बालाघाट

ताई, एका दमात वाचलं. मी बीड जिल्ह्यातला, आईवडील दोघेही ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नोंदीची तऱ्हा बघा. मुकादमाच्या वहीत माणसं मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्याच्या नावावर. वहीत माझ्या आईचं नाव कधी आलंच नाही, आणि तिच्याशिवाय कोयता भरतही नव्हता. बाई आजारी पडली तर मुकादम म्हणणार, अर्धा कोयता.

दसरा-दिवाळीला गाडी भरायची आणि उन्हाळ्यात परत यायचं. पहाटे तीनला उठून भाकरी, मग फडात. बाप तोडणार, आई पाचट काढून मोळी बांधणार, आणि ट्रक आला की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढणार. ती फळी पावलाएवढी रुंद असते. पावसात निसरडी होते. सातव्या महिन्यापर्यंत पोटुशी बायका त्या फळीवर चढलेल्या मी पाहिल्यात.

२०१९ मध्ये बीडच्या गर्भपिशव्यांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या तांड्यावर तो आकडा कुणाला नवा नव्हता. खाडा पडला की पैसे कापले जातात, पाळीच्या चार दिवसांतही फडात उभं राहावं लागतं, आंघोळीला आडोसा नाही. दुखणं अंगावर काढून काढून शेवटी दवाखान्यात गेलं की "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल". तिशीतल्या बायका हो. माझी मावशी त्यांतलीच एक. आता चाळिशीत तिची हाडं दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत.

मी शिकलो ते आजीजवळ गावात राहिलो म्हणून. माझ्या धाकट्या बहिणीला फडात पाळणा सांभाळायला नेलं, तिची शाळा तिसरीत सुटली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पण माझ्या पदवीत तिचा वाटा आहे, तो कुठेच लिहिलेला नाही.

---

कातळसडा

माणगंगाताई, गिरणीचा भाग वाचताना माझ्याच घरातलं वाटलं. आम्ही राजापूरकडचे. बाबा मुंबईला, आई गावाला. भात, नाचणी, दोन गुरं, आणि सासूचं आजारपण. लावणीच्या दिवसांत कमरेत वाकलेली आई मी दिवसभर पाठमोरीच पाहायचे. आवणातलं पाणी गार, वरून पाऊस, डोक्यावर इरलं. रात्री तिच्या पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या असायच्या, ती चुलीशी बसून त्यांना तेल लावायची.

आमच्याकडं लोक म्हणतात कोकण मनिऑर्डरवर जगलं. मनिऑर्डरवर मीठ-मिरची आणि शाळेची फी चालली. भात आईनं पिकवलं.

एक विचारायचं होतं. माझे बाबा आहेत, त्यांची स्वतःची इच्छा आहे की आईचं नाव आत्ताच सातबाऱ्यावर लागावं. कसं करायचं असतं? कुणी सांगतं बक्षीसपत्र करा, कुणी सांगतं तसं काही करताच येत नाही.

---

निवृत्त_महसुली

कातळसडा, करता येतं. मी महसूल खात्यात नोकरी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं होतं. त्यातून पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला: नवऱ्यानं आपल्या हयातीत, राजीखुशीनं, बायकोच्या नावावर जमीन करायची. गावातल्या शंभर घरांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. १९९२ मध्ये शासनानं यासाठी परिपत्रक काढलं, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता यावं म्हणून. ते आजही वापरता येतं, फक्त लोकांना माहीत नसतं. कधी कधी कार्यालयातल्या नव्या माणसांनाही नसतं.

तुमच्या बाबांनी स्वतः अर्ज करायचा, तलाठ्यांकडं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). अर्जात लक्ष्मीमुक्तीचा स्पष्ट उल्लेख करा. फेरफार (नोंदीतला बदल) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पण आधी सातबारा नीट बघा. कोकणात एकेका सातबाऱ्यावर पंचवीस नावं असतात. जमीन चुलत्यांसह सामाईक असेल तर आधी वाटप करून बाबांचा हिस्सा वेगळा करून घ्यावा लागेल. तिथं वेळ जातो.

माणगंगाताईंच्या मस्टरबद्दल. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला. बाहत्तरच्या दुष्काळात ती राज्यभर गेली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागेल त्याला काम, आणि मापाप्रमाणं मजुरी, त्यात बाई-बाप्या असा फरक नाही. रोजगार हमीच्या कामांवर बायकांची गर्दी असायची त्याचं कारण हेच. शेतमजुरीत बाईला कायम कमी दर, इथं दर सारखा. मी काही काळ अशा कामांवर हजेऱ्या तपासल्या आहेत. पगाराच्या दिवशी बाया रांगेत उभ्या राहायच्या आणि आपलं नाव पुकारलं की "हजर" असं मोठ्यानं म्हणायच्या. ती सवय त्यांना कुणी लावलेली नव्हती.

आणि एक आकडा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतीच्या खातेदारांत बायका १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. रानात राबणाऱ्यांत किती, ते आपण सगळे बघतोच.

---

रोखठोक

लेख मनापासून आवडला. आईंना नमस्कार. पण हक्कसोडीबद्दल दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आईचं नाव राहावं हे शंभर टक्के मान्य. बहिणींचं मात्र वेगळं पडतं. आमच्याकडं वडिलांची सहा एकर, आम्ही दोघे भाऊ आणि तीन बहिणी. पाच तुकडे झाले तर कुणालाच पुरत नाही. बहिणींची लग्नं, बाळंतपणं, माहेरपण आम्ही केलं, आजारी आईवडील आम्ही सांभाळले. कर्ज आमच्या डोक्यावर. बहिणीनं हिस्सा मागितला की बोलणं तुटतं आणि माहेर तुटतं. दोन घरांत डोळ्यांनी पाहिलंय.

---

माणगंगा_काठ

रोखठोक दादा, राग कशाला? तुम्ही जे पाहिलंय ते मीही पाहिलंय. सहा एकरांत पाच घरं जगत नाहीत हे खरंच. पण सहा एकरांत दोन घरं तरी कुठं जगतायत? तुकड्यांचा प्रश्न भावाभावांतही आहे. दोन भावांनी वाटणी मागितली तर त्याला कुणी घर तोडणं म्हणत नाही.

मी हिस्सा विकायला मागितला नाही, मागणारही नाही. जमीन भाऊ कसतो, पीक त्याचं. फक्त सही केली नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर फार बरं नाही. एकदा ती दोन लेकरं घेऊन माहेरी आली तेव्हा कुणीतरी बोललंच, "किती दिवस राहणार?" आई म्हणाली, "तिचं बी नाव हाय हितं." तो विषय तिथंच थांबला. कागदावरच्या त्या एका ओळीमुळं आईला ते म्हणता आलं.

तुमच्या बहिणींशी बोलून बघा. कदाचित त्यांनाही जमीन नको असेल. त्यांना आजवर कुणी विचारलंय का, एवढाच प्रश्न असतो बऱ्याचदा.

---

निवृत्त_महसुली

कायद्याचं तेवढं जोडतो, कारण यात गैरसमज फार. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं होतं, पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मानं येतो, २००५ ला वडील हयात होते की नव्हते याचा त्याच्याशी संबंध नाही. हक्कसोड करायचीच असेल तर ती नोंदणीकृत लागते, साध्या कागदावर चालत नाही. आणि सही करणाऱ्या बाईला कागद वाचून दाखवा. माणगंगाताईंच्या आईंनी तो दोनदा वाचून घेतला, हे मला फार आवडलं.

---

रोखठोक

मान्य. खरं सांगायचं तर बहिणींना आम्ही विचारलेलं नाही, गृहीत धरलं. दिवाळीला येतील तेव्हा बोलतो.

---

पऱ्हाटी

मी यवतमाळकडची. आमच्या इकडे कापूस. वेचणी म्हणजे बायकांचंच काम, किलोवर मजुरी. बोंडाच्या काट्यानं नखांच्या कडा फाटतात, हळद लावून दुसऱ्या दिवशी परत उभं राहायचं.

माझी काकू. काकानं २००६ मध्ये जीव दिला. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्जाचा काही भाग सावकाराचा. मदतीचा अर्ज केला तर विचारणा झाली, मयत शेतकरी होता याचा पुरावा काय, त्याच्या नावे सातबारा कुठे? काका पंधरा वर्षं ते वावर करत होता, पण कागदावर तो शेतकरी नव्हता. मग काकू काय असणार! तिनं ते वावर पुढं एकटीनं केलं. सासऱ्यानं शेवटी दोन एकर तिच्या नावे करून दिले. त्याला आठ वर्षं लागली. या काळात ती दर हंगामात पेरणीला दागिना गहाण टाकायची आणि कापूस विकला की सोडवायची. एका वर्षी सुटला नाही. ते मंगळसूत्र होतं. मला म्हणाली, "आता तसंही कोणासाठी घालू?" पण त्या दिवशी जेवली नाही.

तिची मुलगी यंदा कृषी पदविका करते आहे.

---

लेक_दूरदेशी

मी म्हसवडजवळची, आता न्यू जर्सीत. शाळूच्या पेंढ्या वाचून हातांना ताटांची ती टोचरी कूस आठवली, अंगभर खाज सुटायची. ताई, म्हसवडला १९९७ मध्ये बायकांची सहकारी बँक सुरू झाली, माणदेशी महिला बँक, चेतना सिन्हांनी उभी केलेली. परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता, कारण सभासद बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाया म्हणाल्या, वाचता येत नसलं तरी व्याजाचा हिशोब तोंडी करतो, तुमच्या साहेबांनी आकडेमोडीशिवाय करून दाखवावा. माझी मावशी तिथं खातं काढणाऱ्या सुरुवातीच्या बायांतली. शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. पासबुक पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायची.

एक मागणं आहे. दुष्काळात आजी हुलग्याचं माडगं करायची. इथं हुलगे मिळतात, पण माझ्या हातून ती चव येत नाही. तुमच्या आईंना विचाराल का?

---

माणगंगा_काठ

सगळ्यांचे आभार. बालाघाट, पऱ्हाटी, तुमचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. फळीवरून मोळी चढवण्याचं ऐकल्यावर तिनं विचारलं, "त्या पोराची बहीण आता काय करती?" सवडीनं कळवा. तिला खरंच जाणून घ्यायचंय. तिनं माझी एक दुरुस्तीही केली. खडीच्या कामावर हातोडी सुरुवातीला सरकारी नव्हती, तिनं लोहाराकडून उधारीवर केली होती आणि पहिल्या मजुरीतून ती उधारी फेडली.

कातळसडा, बाबांचा अर्ज झाला की इथं लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.

लेक_दूरदेशी, माडग्याचं आईनं सांगितलं ते असं. हुलगे निवडून लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायचे, रंग बदलून खमंग वास सुटेपर्यंत. तुमचं इथंच चुकत असेल, कच्चट राहिले की उग्र लागतं. गार झाले की बारीक दळायचे. वाटीभर पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहता कामा नये. मग पाच-सहा वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात ते सोडायचं आणि ढवळत राहायचं. मीठ, गूळ, सुंठ. गोड नको असेल तर गुळाऐवजी ठेचलेला लसूण आणि जिरं. दहा-बारा मिनिटं तरी शिजू द्यायचं, पळीवरून धार पडेल इतपत पातळ ठेवायचं. गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणून गरमच प्यायचं. वरून तूप घालतात, पण आई म्हणते बाहत्तरला तूप कुठलं, त्यामुळं तुमच्या आजीच्या चवीचं हवं असेल तर तूप घालू नका.